काव्हूरच्या पंगतीला

तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. इटलीच्या एकीकरणाचा धडा आला की फळ्यावर तीन नावं लिहायची. मॅझिनी आत्मा, गॅरिबाल्डी तलवार, काव्हूर मेंदू. मुलं ते पाठ करायची आणि पेपरात उतरवायची. मला स्वतःला पहिले दोघे प्रिय. सावरकरांनी मॅझिनी मराठीत आणला तेव्हापासून तो आपल्याला घरचाच वाटत आलाय, आणि गॅरिबाल्डीच्या लाल सदऱ्याची मोहिनी तर विचारूच नका. काव्हूर म्हणजे गोल चष्म्याचा, पोट सुटलेला, हिशेबी दिवाणजी. त्याच्यावर मी कधी पाच मिनिटं जास्त घालवली नाहीत.

निवृत्तीनंतर मुलगी-जावई आम्हा दोघांना ऑक्टोबरात इटलीच्या पीडमाँट प्रांतात घेऊन गेले. वाइनच्या मुलखात फिरायचं, खायचं-प्यायचं, एवढाच बेत. सौ. शाकाहारी, फक्त अंडं चालतं. वाइन तर तिने आयुष्यात ओठाला लावलेली नाही. मी म्हटलं, आता हिचे हाल. पण आल्बा गावाजवळ पहिल्याच दिवशी तिच्या पुढ्यात ताजारीन आली. अंड्याच्या बलकात मळलेल्या, आपल्या शेवयांहून जरा रुंद अशा पट्ट्या, वर नुसतं लोणी आणि सेजची पानं. तिने दुसऱ्यांदा मागून घेतली. बान्या काउदा मात्र मला एकट्यालाच मिळालं. लसूण आणि खारवलेली मासळी तेलात शिजवून ते गरम गरम ठेवायचं आणि भाज्या त्यात बुडवून खायच्या. त्या रात्री माझ्या शेजारी कोणी बसलं नाही!

दुसऱ्या दिवशी धुकं विरलं तेव्हा टेकडीवर विटांचा एक चौकोनी किल्ला दिसला. गावाचं नाव ग्रिंझाने काव्हूर. मी जागीच थांबलो. आमचा दिवाणजी इथला?

खरं तर तो तुरीनचा. जन्म १० ऑगस्ट १८१०, उमराव घराण्यातला धाकटा मुलगा. आई जिनेव्हाची, त्यामुळे घरात फ्रेंच. इटालियन त्याला अखेरपर्यंत जरा परकीच राहिली. दहाव्या वर्षी लष्करी शाळेत घातलं, पुढे इंजिनियर अधिकारी झाला. पण जहाल मतांमुळे वरिष्ठांची मर्जी गेली आणि १८३१ साली त्याने राजीनामा दिला. वारसा थोरल्याकडे जाणार. अशा रिकाम्या पोराचं काय करायचं? १८३२ साली त्याला या आडगावाचा महापौर केलं आणि घराण्याची द्राक्षशेती हाती दिली. तेव्हा तो एकविसाचा होता. ते महापौरपद १८४९ पर्यंत त्याच्याकडे राहिलं.

इथलं द्राक्ष नेब्बिओलो. नाशिककडच्या बागा मांडवावर चढलेल्या आपण पाहतो, इथे वेली उतारावर रांगेने उभ्या. हे द्राक्ष फार उशिरा, ऑक्टोबरात पिकतं. मग थंडी पडते, तळघरातलं आंबणं मधेच थांबतं आणि साखर उरते. म्हणून पूर्वी इथली वाइन बरेचदा गोडसर निघे, टिकतही नसे. काव्हूरने स्तालिएनो नावाच्या जाणकार लष्करी अधिकाऱ्याला ग्रिंझानेला बोलावलं. स्वच्छ तळघरं, आंबवणं पूर्ण होऊ देणं, या त्याच्या पद्धती. आजच्या बारोलोचं श्रेय बरीच वर्षं उदार नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याला दिलं जाई; अलीकडचे अभ्यासक ते स्तालिएनोकडे वळवतात. मला भावलं ते वेगळंच. हाताखालच्या माणसाला अक्कल आहे हे ओळखून त्याला काम करू देणं. मुख्याध्यापकांनाही हे क्वचितच जमतं.

किल्ल्यात आता पीडमाँटच्या वाइनचं दालन आहे, भोजनगृह आहे, आणि १९९९ पासून दरवर्षी आल्ब्याच्या पांढऱ्या ट्रफलचा लिलाव तिथे भरतो. जमिनीखालची ही बुरशी कुत्रा हुंगून काढतो. वास असा की खोलीत कोणी गॅस उघडा ठेवला की काय वाटावं. काव्हूर मुत्सद्द्यांना हे ट्रफल भेट पाठवी म्हणतात.

हा हिशेबी माणूस जुगारीही होता, हे मला ठाऊक नव्हतं. युद्ध होणार अशा अंदाजावर १८४० मध्ये पॅरिसच्या शेअरबाजारात त्याने मोठी रक्कम घालवली आणि वडिलांना ती भरावी लागली. पुढेही खेळ तोच, फक्त पणाला राज्य लावलेलं. १८५२ मध्ये पंतप्रधान, क्रिमियात सैन्य, मग १८५८ मध्ये नेपोलियन तिसऱ्याशी गुप्त करार. एप्रिल १८५९ मध्ये ऑस्ट्रियाचा निर्वाणीचा खलिता नाकारला आणि मंडळींना घेऊन तो जेवायला गेला, अशी कथा आहे. तुरीनमध्ये संसदेच्या इमारतीसमोर १७५७ पासूनचं देल काम्बिओ आहे, तिथे त्याचं टेबल अजून दाखवतात. त्याच्या आवडीचा पदार्थ म्हणून फिनान्झिएरा वाढतात. कोंबड्याचे तुरे, काळीज असं सगळं त्यात. मी धाडस केलं नाही. जवळच, १७६३ पासून चालू असलेल्या कॅफेत कॉफी, चॉकलेट आणि सायीचे थर असलेलं बिचेरीन प्यालो.

त्याच वर्षी नेपोलियनने परस्पर तह केला. काव्हूर संतापून बाहेर पडला आणि काही महिन्यांत परतला. परतल्यावर फ्रान्सची मदत टिकवण्यासाठी त्याने नीस शहर देऊन टाकलं, गॅरिबाल्डीचं जन्मगाव. गॅरिबाल्डीने हे कधी माफ केलं नाही, आणि मीही वर्गात केलं नव्हतं. आजही ते मला पटत नाही. पण १७ मार्च १८६१ ला इटलीचं राज्य घोषित झालं, ते त्या व्यवहाराशिवाय झालं असतं का, हे मी मुलांना कधी विचारलंच नाही.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ६ जूनला, तो गेला. वय पन्नास. ताप मलेरियाचा असावा, लेरीच्या भातशेतीत जडलेला. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा रक्त काढलं. ज्या रोमला राजधानी करायचा त्याचा हट्ट होता, ते त्याने कधी पाहिलंच नाही.

परतताना जावयाला सांगून गाडी लेरीकडे वळवली. भाताच्या कापलेल्या खाचरांमधून रस्ता जातो. या मुलखाला पाणी देणारा सुमारे ८५ किलोमीटरचा कालवा त्याच्या पश्चात, १८६३ ते ६६ मध्ये खोदला गेला. त्यालाही त्याचंच नाव. वस्ती मात्र ओस होती, दारंखिडक्या निखळलेल्या. तिथे खाण्यापिण्याचं काहीच मिळत नव्हतं. सौ.ने पिशवीतून दशम्या काढल्या आणि आम्ही चौघांनी त्या गाडीच्या टपावर मांडून खाल्ल्या.