काडीकिड्यांचा सौदागर : आल्फ्रेड रसेल वॉलेस

कुणाला पोस्टाची तिकिटं जमवायचा छंद असतो, कुणाला जुनी नाणी. पण मेलेले किडे सुकवून पेटीत टाचणीने टोचायचे, जास्तीचे विकायचे किंवा अदलाबदल करायचे, असाही एक छंद जगात आहे. त्यातही स्टिक इन्सेक्ट म्हणजे काडीकीडा जमवणारी मंडळी वेगळीच. पावसाळ्यात मुकुंदराजांच्या समाधीकडे जाताना झुडपावरची एखादी काडी अचानक चालायला लागली, तर समजा की तो काडीकीडा आहे.

हा कीडा टिकवणं सोपं काम नाही. त्याचं पोट लांब आणि मऊ असतं, लगेच सडतं. म्हणून मोठ्या किड्याचं पोट चिरून आतलं सगळं काढतात, कापूस भरतात आणि पाय टाचण्यांनी नीट पसरवून सुकवतात. सुकल्यावर जरा धक्का लागला की पाय तुटलाच. हिरवा रंग तपकिरी होतो. आणि लक्ष दिलं नाही तर दुसरे बारीक किडे येऊन अख्खा नमुना फस्त करतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटेल. पण अशाच व्यापारावर पोट भरून एक माणूस जगातल्या मोठ्या शास्त्रज्ञांच्या पंगतीत जाऊन बसला. त्याचं नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस. आणि आपल्या सिव्हिलवाल्यांना आनंद वाटेल अशी गोष्ट म्हणजे तो मुळात सर्व्हेअर होता!

वॉलेसचा जन्म 8 जानेवारी 1823 रोजी वेल्समध्ये झाला. घरची परिस्थिती बेताची. तेरा-चौदाव्या वर्षी शाळा सुटली ती कायमची. 1837 मध्ये तो मोठा भाऊ विल्यम याच्या हाताखाली जमीनमोजणी शिकू लागला. शेतं, टेकड्या, ओढे पायी तुडवायचे, मोजायचे आणि नकाशावर उतरवायचे. कुठली गोष्ट नेमकी कुठे आहे ते जागच्या जागी लिहून ठेवायचं, ही सवय त्याला इथेच लागली. पुढे काम कमी झालं म्हणून 1844 मध्ये तो लेस्टरच्या एका शाळेत मास्तर झाला. तिथे त्याला हेन्री बेट्स हा भुंगेरे जमवणारा मुलगा भेटला. दोघांची गट्टी जमली आणि वॉलेसला किड्यांचं वेड लागलं.

1848 मध्ये हे दोघे ॲमेझॉनच्या जंगलात निघाले. ना श्रीमंत बाप, ना सरकारी स्कॉलरशिप. पण त्या काळी इंग्लंडमध्ये घराघरांत किड्यांच्या पेट्या सजवायची फॅशन होती आणि म्युझियमनाही नमुने हवे असत. मग प्लॅन असा ठरला की किडे, पक्षी पकडायचे आणि लंडनला सॅम्युएल स्टीव्हन्स या एजंटकडे पाठवायचे. तो ते विकणार, आपलं कमिशन कापणार आणि उरलेल्या पैशात यांचा पुढचा प्रवास.

ही चार वर्षं फार कष्टाची गेली. मदतीला आलेला धाकटा भाऊ हर्बर्ट 1851 मध्ये पिवळ्या तापाने वारला. 1852 मध्ये वॉलेस परत निघाला. सोबत स्वतःसाठी बाजूला ठेवलेला खास संग्रह आणि वह्या होत्या. भर समुद्रात जहाजाला आग लागली. डोळ्यांदेखत सगळं जळालं. दहा दिवस उघड्या होडीत काढल्यावर दुसऱ्या जहाजाने त्यांना उचललं. हाती राहिली फक्त थोडी चित्रं आणि कागद. नशीब एवढंच की स्टीव्हन्सने मालाचा 200 पौंडांचा विमा उतरवून ठेवला होता.

दुसरा कुणी असता तर त्याने हा धंदाच सोडला असता. वॉलेसने मात्र त्याच वर्षी ॲमेझॉनच्या माकडांवर एक निबंध वाचला. त्यातला मुद्दा असा की मोठ्या नदीच्या या काठाला एक जात सापडते आणि त्या काठाला दुसरीच. पण म्युझियममधल्या लेबलांवर नुसतं दक्षिण अमेरिका असं लिहिलेलं असेल तर हे कुणाला कळणारच नाही. बघा, हा सर्व्हेअरचा डोळा! गंमत म्हणजे खुद्द डार्विनने गॅलापागोसच्या बऱ्याच फिंच पक्ष्यांवर बेटाचं नाव लिहिलं नव्हतं. नंतर त्याला जहाजावरच्या इतरांच्या नमुन्यांची मदत घ्यावी लागली.

1854 मध्ये वॉलेस सिंगापूरला पोचला आणि पुढची आठ वर्षं मलाया, बोर्निओ, जावा, सेलेबिस ते न्यू गिनी अशा बेटांवर फिरला. एकूण 1,25,660 नमुने जमवले. त्यात 83,200 भुंगेरे, 13,100 फुलपाखरं-पतंग आणि 13,400 इतर कीटक. काडीकिडे या शेवटच्या आकड्यात येतात. बोर्निओत एका दयाक माणसाने त्याला असा काडीकीडा आणून दिला की अंगावर शेवाळ उगवल्यासारखं दिसत होतं. आणणाऱ्याची तर खात्रीच होती की जिवंत किड्यावर शेवाळ वाढलंय. वॉलेसने अगदी जवळून पाहिलं तेव्हा कळलं की ते किड्याचंच अंग आहे.

हे काम त्याने एकट्याने केलं नाही. सारावाकचा अली नावाचा पोरगा त्याच्याकडे आधी स्वयंपाकाला लागला आणि पुढे पक्षी टिपण्यात, सोलण्यात तरबेज झाला. त्या संग्रहात अलीचा आणि गावोगावच्या माणसांचा मोठा वाटा आहे, पण पुस्तकांत त्यांची नावं शोधावी लागतात.

1856 मध्ये वॉलेस बालीहून लोम्बोकला गेला. मध्ये जेमतेम 35 किलोमीटरचा समुद्र, पण पलीकडचे पक्षी ऑस्ट्रेलियाच्या वळणाचे! याच निरीक्षणातून पुढे नकाशावर एक रेषा आली. तिला आज आपण वॉलेस रेषा म्हणतो. 1858 मध्ये तापाने फणफणला असताना त्याला नैसर्गिक निवडीची कल्पना सुचली. ती लिहून त्याने डार्विनला पाठवली. डार्विन वीस वर्षं त्याच विचारावर काम करत होता. 1 जुलै 1858 रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं.

1862 मध्ये तो मायदेशी परतला. नमुने विकून आलेला पैसा गुंतवणुकीत बुडाला. शेवटी डार्विनने खटपट करून 1881 मध्ये त्याला वर्षाला 200 पौंड सरकारी पेन्शन मिळवून दिली. 7 नोव्हेंबर 1913 रोजी, नव्वदाव्या वर्षी वॉलेस गेला.

सौदा तर तेव्हा हजारो लोक करत होते. पण ज्या किड्याखाली गाव आणि तारीख लिहिलेली नाही, तो फक्त शोभेची वस्तू. लेबल असलं की तोच कीडा पुरावा होतो. आजही काडीकिड्यांची खरेदी-विक्री चालते आणि कित्येक नमुने असे बिनपत्त्याचेच विकले जातात. शिवाय आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बरेच कीटक आहेत, अभयारण्यात तर काहीच पकडता येत नाही. म्हणून छंद करायचाच तर फोटो काढा, पण जागा आणि तारीख लिहायला विसरू नका.

आणि हो, सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राच्या जर्नलमधून रीडिंग उतरवणाऱ्यांनी वॉलेसची आठवण जरूर ठेवावी. त्याचे नमुने लंडनच्या म्युझियममध्ये अजून आहेत आणि संशोधक आजही आधी त्याखालची चिठ्ठी वाचतात.