श्रीनागदेवाचार्य आणि असन्निधानातील ऐक्य

सन्निधानात ऐक्य राखणे कठीण नसते. स्वामी समोर असता भक्ताभक्तांतील भेद त्यांच्या दृष्टीपुढे विरून जातात. खरी कसोटी असन्निधानात लागते. ती ज्यांच्या वाट्यास प्रथम आली, ते आपल्या मार्गाचे आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्य, अर्थात भटोबास होत.

भटोबास प्रथम रामदेव दादोसांच्या परिवारातले. त्या संबंधाने ते सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या दर्शनास आले आणि पुढे अनुसरले. आई आबाइसा, बहीण उमाइसा व चुलत बहीण महदाइसा याही स्वामींच्या परिवारात आल्या. इ.स. १२७४ च्या सुमारास सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले. भटोबास विरहाने व्याकूळ झाले. परंतु स्वामींची आज्ञा स्मरून रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस लागले. श्रीप्रभू ब्राह्मणाच्या घरी जात, तसेच लोक ज्यांचा स्पर्श वर्ज्य मानीत त्यांच्याही घरी जात. मातंगांस पाण्याची अडचण पडली, तेव्हा विहीर कोठे खणावी हे श्रीप्रभूंनीच दाखविले. हे आचरण भटोबासांनी वर्षानुवर्षे जवळून पाहिले.

इ.स. १२८७ च्या सुमारास श्रीप्रभूंनीही पुर त्यजिले. मागे राहिलेल्या परिवारात शास्त्रसंपन्न पंडित होते, तशा अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्याही होत्या. प्रत्येकाजवळ स्वामींची आपापली आठवण होती, आणि आपलीच आठवण खरी असे वाटणे हा जीवाचा स्वभाव आहे. फूट पडण्यास एवढे पुरेसे होते.

आचार्यांनी प्रथम भाषा सांभाळली. केशिराजबास व पंडितबास संस्कृतात विचारू लागले, तेव्हा आचार्यांनी त्यांस अडविले. सर्वज्ञांनी निरूपण मराठीत केले, म्हणून विचारणेही मराठीतच व्हावे, असा त्यांचा आग्रह. संस्कृत ग्रंथरचनेने साध्या म्हाताऱ्या ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता होती. हा विद्येचा अनादर नव्हता. विद्वानाने खाली उतरावे असेही त्यात नव्हते. सर्वांस बसता येईल अशा एकाच पंक्तीत त्याने बसावे, एवढेच होते.

दुसरी गोष्ट आठवणींची. म्हाइंभटांनी ठिकठिकाणी जाऊन लीळा मिळविल्या आणि आचार्यांकडून पडताळून घेतल्या. लीळाचरित्रात एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या आठवणी ‘वासना’ व ‘शोध’ म्हणून शेजारी शेजारी नोंदलेल्या आढळतात. एकाचे सांगणे राखण्यासाठी दुसऱ्याचे पुसून टाकले नाही. ज्याचे ऐकून घेतले जाते, तो सहसा तुटून जात नाही.

इ.स. १३०२ च्या सुमारास आचार्यांनी देह ठेवला. मागे बाइदेवबास आचार्य झाले. पुढे मार्गात तेरा आम्नाये निर्माण झाली. मतभेद टळले नाहीत. तरी ब्रह्मविद्या एक, लीळा एक आणि भाषा एक राहिली. भेद असणे वेगळे आणि विच्छेद होणे वेगळे, हा विवेक आचार्यांच्या चरित्रातून मिळतो.

तो मार्गापुरताच नाही. पूर्णा गावी बसून हे लिहिताना शेजारच्या भिवंडीचे उदाहरण सहज आठवते. गोदामांच्या व यंत्रमागांच्या या परिसरात अनेक प्रांतांचे, धर्मांचे आणि पक्षांचे लोक राहतात. १९७० व १९८४ साली येथे भीषण दंगली झाल्या. १९८८ नंतर पोलिसांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. हिंदू व मुसलमान शेजारी, तंटा नसतानाही, नियमाने एकत्र बसू लागले. १९९२ च्या डिसेंबरात व १९९३ च्या जानेवारीत मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. संकट येण्यापूर्वी जोडलेला संबंधच संकटात उपयोगी पडला.

साधकाने व वासनिकाने हेच ध्यानी घ्यावे. आपल्या आम्नायाबाहेरच्याशी, आपल्या गावच्या विरोधी मताच्या माणसाशी आपण त्याला कळेल अशा भाषेत बोलतो काय? त्याची आठवण आपल्या आठवणीशेजारी ठेवतो काय? असन्निधानाचा काळ अद्याप चालू आहे, म्हणून कसोटीही चालूच आहे.

दंडवत प्रणाम.