अंगणवाडीची कल्पना जन्मली आपल्या पालघरमध्ये! बालविधवा ते पद्मश्री, अनुताई वाघ यांचा प्रवास

तुमच्या सोसायटीच्या मागे किंवा गावातल्या मारुतीच्या देवळाशेजारी एखादी अंगणवाडी नक्की असेल. पण या शाळेच्या नावात 'अंगण' का आलं, याचा कधी विचार केलाय? त्याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. विरारहून डहाणू लोकल पकडा, डहाणू रोडला उतरा. तिथून पुढे बोर्डी आणि कोसबाडची टेकडी. ही गोष्ट तिथलीच आहे.

गोष्टीची नायिका मात्र पुणे जिल्ह्यातली. अनुताई वाघ यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजी मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत नवरा वारला. त्या काळात विधवा मुलीपुढे काय वाढून ठेवलेलं असायचं, हे आपल्या पणजीच्या पिढीला विचारावं लागेल. माजघर, चूल आणि लोकांची नजर, एवढंच जग. अनुताईंच्या वाट्याला मात्र पाटी-पुस्तक आलं.

१९२५ मध्ये त्या व्हर्नाक्युलर फायनल झाल्या. १९२९ मध्ये पुण्यात शिक्षिकेचा कोर्स पुरा केला, नाशिक जिल्ह्यात चांदवडकडे काही वर्षं शिकवलं आणि मग पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी धरली. दिवसा मुलींना शिकवायचं आणि रात्री स्वतः रात्रशाळेत जाऊन बसायचं. १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. बी.ए. होईपर्यंत तर त्यांनी पन्नाशी ओलांडली होती!

चांगली नोकरी होती, शहर होतं. इथेच त्या निवृत्त झाल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती.

पण १९४५ मध्ये कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविका शिबिर बोरिवलीला भरलं आणि तिथे त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाई म्हणजे मोठं नाव. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी माँटेसोरी पद्धतीवर काम केलं होतं, दादरला शिशुविहार चालवलं होतं. आता त्यांना ही पद्धत खेड्यात, गरिबांच्या मुलांपर्यंत न्यायची होती. त्यासाठी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू होत होतं आणि त्यांना जोडीदार हवी होती. अनुताई पुणं सोडून निघाल्या.

आता तेव्हाचा डहाणू-तलासरीचा भाग डोळ्यांसमोर आणा. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वारली माणूस सावकाराकडे पिढ्यान् पिढ्या राबत होता. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी उठाव केला, तोही याच १९४५ सालात. ज्या घरात दोन वेळची भाकरी नाही, तिथे शाळेचं नाव काढायचं म्हणजे काय, कल्पना करा.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली त्या वस्तीतली मुलं येईनात. लहान भावंडं सांभाळायची कोणी? अंगावर धड कपडा नाही, मग गावात जायचं कसं? शिवाय शाळेतल्या बाईंची मराठी वेगळी आणि पाड्यावरची बोली वेगळी. ताराबाई-अनुताईंनी मग सरळ उलटं केलं. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच मुलाच्या अंगणात न्यायची. वस्तीत जायचं, अंगण झाडायचं, मुलांना गोळा करायचं, आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. हीच ती अंगणातली बालवाडी.

माँटेसोरीची साधनं महाग होती, ती इथे कोण विकत घेणार? शिंपले, बिया, खडे, पानं, माती, बांबू हेच साहित्य झालं. मोजणी चिंचोक्यांवर शिकता येते, त्याला लाकडी मणी लागत नाहीत. आमच्या मते अनुताईंचं खरं मोठेपण इथे आहे. परदेशी पद्धत त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली नाही, ती वापरून वापरून मळवली.

१९५७ मध्ये संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आली, म्हणजे धाकट्याला सांभाळणारी ताईसुद्धा शिकू लागली. तरी गुरं राखणारी पोरं हाती लागत नव्हतीच. मग शिक्षकच कुरणात जाऊ लागले. गुरं चरताहेत आणि शेजारी झाडाखाली वर्ग भरलाय, ही 'कुरणशाळा'! या अनुभवावर अनुताईंनी त्याच नावाचं पुस्तकही लिहिलं.

जाता जाता एक योगायोग. इकडे बोर्डीचं केंद्र उघडत होतं, त्याच १९४५ मध्ये तिकडे अमेरिकेत कॅलिफोर्नियात मेंडेझ नावाच्या कुटुंबाने खटला भरला होता. मेक्सिकन वंशाच्या मुलांना वेगळ्या शाळेत का बसवता, हा त्यांचा सवाल होता. १९४७ मध्ये अपिलातही ते कुटुंब जिंकलं. तिथे शाळेचं दार उघडायला कोर्टात जावं लागलं. इथे दार उघडंच होतं, पण तिथपर्यंत पोचायचा रस्ता नव्हता.

अनुताई लिहितही होत्या. 'शिक्षण पत्रिके'चं काम, मुलांसाठी गाणी-गोष्टी, 'बालवाडी कशी चालवावी' हे सेविकांना हाताशी ठेवता येईल असं पुस्तक आणि 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन. तुम्हाला एकच वाचायचं असेल, तर हे शेवटचं शोधा.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या आणि सगळा भार अनुताईंवर आला. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. पहिल्या फेरीत देशभरातले ३३ प्रकल्प होते आणि त्यांच्या केंद्रांचं नाव होतं अंगणवाडी. अनुताईंना पुढे पद्मश्री मिळाली, १९८५ मध्ये जमनालाल बजाज पुरस्कारही मिळाला.  २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यानंतरही पालघरमधली सगळी मुलं शाळेत पोचली असं मात्र नाही. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, मुलंही सोबत जातात. भट्टीवरच्या त्यांच्या झोपडीला म्हणतात भोंगा. वसई तालुक्यात काम करणाऱ्या विधायक संसदेने या मुलांसाठी भट्टीवरच वर्ग भरवले आणि त्यांचं नाव ठेवलं भोंगाशाळा.