कोन्राड झुसे

कोन्राड झुसे (२२ जून १९१० – १८ डिसेंबर १९९५) हे जर्मन स्थापत्य अभियंता व संगणकनिर्माते होते. त्यांनी १९४१ साली पूर्ण केलेले झेड-३ हे यंत्र प्रोग्रॅमनुसार चालणारा जगातील पहिला कार्यक्षम संगणक मानले जाते.

जीवन

झुसे यांचा जन्म बर्लिन येथे झाला. १९३५ साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर ते हेन्शेल विमान कारखान्यात नोकरीस लागले. किचकट आकडेमोडीतून सुटका व्हावी म्हणून त्यांनी आईवडिलांच्या घरातच झेड-१ हे यांत्रिक गणनयंत्र बांधले. ते १९३८ साली पूर्ण झाले. १२ मे १९४१ रोजी त्यांनी रिलेंवर चालणाऱ्या झेड-३ चे प्रात्यक्षिक दाखवले. १९४३ साली बॉम्बहल्ल्यात हे यंत्र नष्ट झाले. युद्धातून वाचलेले झेड-४ १९५० साली झुरिकच्या तंत्रविद्यापीठात कार्यरत झाले. झुसे यांचे निधन हुनफेल्ड येथे झाले.

झेड-३ मधील संख्या

झेड-३ मध्ये प्रत्येक संख्या २२ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट स्वरूपात साठवली जाई : १ बिट चिन्हासाठी, ७ घातांकासाठी व १४ अपूर्णांकी भागासाठी. कळफलकावरून दिलेली दशमान संख्या यंत्र स्वतःच द्विमान रूपात आणी व उत्तर पुन्हा दशमानात दाखवी. शून्य व अनंत यांसाठी घातांकाची विशिष्ट मूल्ये राखून ठेवलेली होती. शून्य भागिले शून्य यांसारखी निरर्थक क्रिया आल्यास यंत्र थांबे व दिवा लागे. चुकीचे उत्तर निमूटपणे पुढे जात नसे.

वारसा

पुढे निरनिराळ्या निर्मात्यांनी फ्लोटिंग पॉइंटची निरनिराळी स्वरूपे वापरली. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाने त्यांत एकवाक्यता आणली, तरी संख्यांच्या रूपांतरातील भेद पूर्णपणे मिटला नाही. तीन अब्ज ही फ्लोटिंग पॉइंट संख्या ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मावत नाही. ती तशी रूपांतरित केल्यास इंटेल कुळातील प्रोसेसरची आज्ञा −२,१४,७४,८३,६४८ हे उत्तर देते, तर एआरएम प्रोसेसरची आज्ञा २,१४,७४,८३,६४७ या कमाल मूल्यावर थांबते. ‘संख्या नाही’ या विशेष मूल्याचे पहिला प्रोसेसर तेच ऋण मूल्य करतो, दुसरा शून्य. गणना मात्र सहसा थांबत नाही. म्हणून एका प्रोसेसरवर तपासलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर नेताना कमाल व किमान मर्यादा, त्यांच्या लगतच्या संख्या, अनंत आणि ‘संख्या नाही’ ही मूल्ये देऊन दोन्हीकडे चाचणी घ्यावी लागते. झेड-३ मध्ये दिव्याने मिळणारी सूचना आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच योजावी लागते.