भूकंपाच्या लहरी वाचणारा संशोधक

रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांचा जन्म १८५८ साली आयर्लंडमधील डब्लिन येथे झाला. त्यांचे वडील टॉमस ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे पहिले प्रमुख. १८६९ मधील काचारच्या भूकंपाचा वृत्तांत अप्रकाशित राहिला असतानाच १८७८ साली ते निवर्तले. पुत्राने त्याच संस्थेत प्रवेश केला आणि १८८२ साली वडिलांचा तो वृत्तांत प्रसिद्धीस नेला.

१२ जून १८९७ रोजी आसामात प्रलयंकर भूकंप झाला. शिलाँगमधील दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या. ओल्डहॅम यांनी त्या उद्ध्वस्त प्रदेशाची कसून पाहणी केली. युरोपातील यंत्रांनी टिपलेल्या नोंदी ताडून पाहता त्यांच्या ध्यानी आले, की भूकंपाच्या साऱ्या लहरी एकाच वेगाने येत नाहीत. खडकांना दाबत व ताणत धावणारी प्राथमिक लहर आधी पोहोचते; त्यांना आडवे हेलकावे देणारी दुय्यम लहर मागाहून येते. १९०६ साली, लहरींना लागणाऱ्या विलंबावरून, पृथ्वीच्या पोटात निराळा गाभा आहे हे त्यांनी दाखवून दिले.

१९३६ साली त्यांचे देहावसान झाले. आज खोल विंधनविवरात ध्वनियंत्र सोडून याच दोन लहरींचे वेग मोजतात आणि धरण वा इमारत उभारण्यापूर्वी तेथील भूमी किती भक्कम आहे, ते ठरवितात.