डीट्रिख ब्रांडिस

सर डीट्रिख ब्रांडिस (३१ मार्च, इ.स. १८२४ - २८ मे, इ.स. १९०७) हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आणि भारताचे पहिले वन महानिरीक्षक होते. जंगल वर्षाला किती वाढते ते मोजावे आणि तेवढेच तोडावे, हे तत्त्व त्यांनी भारतात रुजवले.

त्यांचा जन्म बॉन येथे झाला. वडील ख्रिश्चन ऑगस्ट ब्रांडिस तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. डीट्रिख स्वतः बॉन विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत. वनशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

सागाची मोजणी

इ.स. १८५६ मध्ये लॉर्ड डलहौसी यांनी त्यांना ब्रह्मदेशातील पेगू प्रांताच्या सागवनांचे अधीक्षक नेमले. जर्मनीत स्प्रूस आणि पाईन यांची एकाच वयाची रोपवने असत. शंभर वर्षांत त्यांतून किती लाकूड मिळेल याचे तक्ते बांधता येत. पेगूच्या मिश्र जंगलात झाडांचे वयच ठाऊक नव्हते. ब्रांडिस यांनी वयाऐवजी खोडाचा घेर धरला. हत्तीवर बसून ते जंगलातून ठरावीक रेषेत जात आणि वाटेच्या दोन्ही बाजूंच्या सागांची नोंद लाकडाच्या चार तुकड्यांवर चाकूने खाचा पाडून करीत. प्रत्येक घेरवर्गाला एक तुकडा. सहा फूट व त्याहून अधिक घेराचे साग पहिल्या वर्गात येत. खालच्या वर्गातून वर्षाला जितकी झाडे या वर्गात येतील, तितकीच तोडायची, असा नियम त्यांनी घातला. लाकूड व्यापाऱ्यांना तो जाचक वाटला.

नव्या लागवडीसाठी त्यांनी फिरती शेती करणाऱ्या कारेन लोकांना सोबत घेतले. ते पिकाबरोबर साग पेरीत आणि शेत सोडल्यावर तेथे रोपवन उरे. ही पद्धत 'तौंग्या' नावाने पुढे अनेक देशांत गेली.

वनखाते आणि कायदा

इ.स. १८६४ मध्ये ते वन महानिरीक्षक झाले. रेल्वेच्या स्लीपरांसाठी तेव्हा जंगले वेगाने तुटत होती. श्लिख आणि रिबेनट्रॉप हे जर्मन वनाधिकारी त्यांच्याच काळात भारतात आले. इ.स. १८७८ मध्ये देहरादूनची वनशाळा सुरू झाली. त्याच वर्षीच्या वन कायद्याच्या वेळी रयतेचे वहिवाटीचे हक्क मानावेत आणि गावांना स्वतःची वने असावीत, असे त्यांचे मत होते. बेडन-पॉवेल यांचा त्याला विरोध होता. कायद्यात ग्रामवनांचे कलम आले, पण ते बहुतांशी कागदावरच राहिले.

वऱ्हाडातील परिणाम

अकोटच्या उत्तरेस नरनाळ्यापासून पुढे पसरलेला मेळघाट हा सागाचाच प्रदेश. वऱ्हाड निजामाचे असले तरी इ.स. १८५३ पासून कारभार ब्रिटिशांकडे होता. येथेही राखीव वने आखली गेली आणि पुढे कूप पाडून तोड होऊ लागली. फिरती शेती करणाऱ्या कोरकूंवर मात्र निर्बंध आले. कारेन लोकांशी ब्रांडिस यांनी केलेली तडजोड त्यांच्या वाट्याला आली नाही.

लेखन व अखेर

वायव्य व मध्य भारतातील वनवृक्षांवरील त्यांचा ग्रंथ इ.स. १८७४ मध्ये, तर 'इंडियन ट्रीज' इ.स. १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. इ.स. १८८३ मध्ये ते निवृत्त झाले. अमेरिकी वनाधिकारी गिफर्ड पिंचो यांना त्यांनी मार्गदर्शन केले. बॉन येथेच त्यांचे निधन झाले. 'ब्रांडिसिया' या वनस्पती-प्रजातीला त्यांचे नाव आहे.