कै. नारायण मेघाजी लोखंडे व मावळातील कामगार

मावळातील उर्से गावाजवळून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो व आसपास कारखाने उभे आहेत. स्थानिक तरुण कामास टिकत नाही, कसब व कष्ट हे दूर प्रांतांतून आलेल्या मजुराच्या अंगचे गुण होत, असा एक समज ह्या भागांत रूढ होऊ पाहात आहे. आमच्या मते हा निवाडा पुराव्यावाचून झालेला आहे. म्हणून कै. रावबहादूर लोखंडे ह्यांच्या चरित्राकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधितो.

लोखंडे ह्यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. त्यांचे मूळ गाव मावळाच्या शेजारच्या खेड तालुक्यातील कन्हेरसर. घरची गरिबी असताही ते शिकले, आणि पुढे मुंबईत मांडवी येथील एका कापडगिरणीत कोठाराच्या कामावर लागले. महात्मा फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते अनुयायी होते. १८८० पासून त्यांनी मुंबईत ‘दीनबंधु’ पत्र चालविले.

त्या काळी गिरण्यांत रत्नागिरी, सातारा इत्यादी भागांतील शेतकरी भरती होत. हा गावाकडचा गडी आळशी, यंत्रास अपात्र, सुगी आली की पळणारा, असे मालकवर्गात बोलले जाई. लोखंडे गिरणीतच वावरले होते. मनुष्याचा दोष मोजण्याआधी त्याच्या कामाची रीत त्यांनी तपासली. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची सभा स्थापिली व सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी चौकशी मंडळापुढे ठेविला. आठवड्यास एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत आणि कामावर जखमी झालेल्यास साहाय्य, ह्या त्यांतील मागण्या होत्या. पगार लांबला म्हणजे उधारी तुंबते, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

२४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगार सभेस जमले. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज आपण सारे जी सुटी सहज भोगतो, तिच्या मागे हे श्रम आहेत. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगाच्या साथीत लोखंडे निवर्तले.

त्यांच्या कार्यातील एक उणीवही सांगणे प्राप्त आहे. त्यांच्या सभेस सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता, नियम नव्हते. त्यामुळे पुढारी गेला तेव्हा तिचे बळही गेले. नोंदणीकृत संघास कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९२६ साली.

असो. उर्से व मावळातील तरुणांनी ह्यांतून दोन गोष्टी घ्याव्यात. कसब शिक्षणाने व सरावाने येते, जन्मगावाने नव्हे. आणि संघ उभारावयाचा तर त्यात परप्रांतीय सोबत्यासही घ्यावे. त्यास बाहेर ठेविल्यास एकाची मजुरी दुसऱ्याच्या नावे उतरविली जाते व दोघेही नागवले जातात. कारखानदारांसही आमचे सांगणे आहे: ज्या तरुणास टिकत नाही म्हणून आपण नाकारता, त्यास आधी शिकवून, नियमित वेतन व ठरलेली सुटी देऊन पाहावे, आणि मगच निवाडा करावा.